कागद-पेन्सिलीच्या संशोधनाला पैसा कोणी दिला?

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था, पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर). यांच्यासारख्या संस्थांच्या पीएचडी प्रवेशाच्या जाहिराती निघतात, तेव्हा संशोधनाच्या विषयांसोबत विद्यावेतनाचाही उल्लेख असतो. २०२३ पासून सरकारी दर असा आहे: ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. सैद्धांतिक कणभौतिकीत, म्हणजे पदार्थाच्या सर्वांत लहान कणांचं गणित कागद-पेन्सिलीने मांडणाऱ्या विषयात, यायला निघालेला विद्यार्थी हा आकडा वाचतो, जेस्ट किंवा नेट या प्रवेश-पात्रता परीक्षांच्या तयारीला लागतो आणि तो आकडा कुठून आला हे विचारायला त्याला सवड नसते. ज्या कामातून यंत्र, औषध किंवा पेटंट निघेल अशी कुणीच हमी देत नाही, त्यासाठी पंचविशीतल्या माणसाला पाच वर्षं पोसायचं, हे आपल्याकडे आपोआप ठरलेलं नाही.

सुरुवात होमी भाभांपासून करावी लागते आणि तीही त्यांच्या विद्यार्थीदशेपासून. केंब्रिजला त्यांना पाठवलं होतं इंजिनिअर होण्यासाठी. १९२८ साली त्यांनी वडिलांना कळवलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हा आपला पिंड नाही, आपला विषय भौतिकी. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च देतो. १९३० साली अट पूर्ण झाली. १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळाला आणि तिथून पुढचा खर्च विद्यापीठाच्या वृत्तींनी उचलला. राउज बॉल प्रवासवृत्तीवर ते झुरिकला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडे जाऊन आले. १९३४ मध्ये आयझॅक न्यूटन विद्यार्थीवृत्ती मिळाली.

याच वृत्तीच्या काळात त्यांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध प्रभाराचा जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित केलं. १९३६ साली प्रसिद्ध झालेलं ते काम आज भाभा विकिरण या नावाने ओळखलं जातं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या यंत्रांत एकूण किती टकरी घडण्याजोगी परिस्थिती होती हे मोजायला याच प्रक्रियेचा आधार घेतात, कारण तिचं उत्तर सिद्धांतातून अत्यंत अचूक काढता येतं. जिनिव्हाजवळच्या एलईपी यंत्रात १९८९ ते २००० या काळात हेच केलं गेलं. एका विद्यार्थ्याला दिलेल्या तीन वर्षांच्या निश्चिंतीचा हा हिशेब अर्ध्या शतकानंतर असा लागला. १९३४ मध्ये वृत्ती देणाऱ्यांना यातलं काहीही दिसणं शक्य नव्हतं, आणि या विषयाला पैसा देताना नेमकं तेच मान्य करावं लागतं.

१९३९ मध्ये भाभा सुटीवर भारतात आले, महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहून गेलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन प्रमुख असलेल्या भौतिकी विभागात, त्यांनी विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम सुरू केलं. त्यासाठी पैसा दिला सर दोराबजी टाटा ट्रस्टने. तिथे १९४३ साली अलाहाबादहून हरिश्चंद्र नावाचा तरुण संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांच्या हाताखाली आला. दोनच वर्षांनी तो केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेला आणि पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांमध्ये गणला गेला. प्रयागराजच्या संस्थेला त्याचंच नाव आहे.

हरिश्चंद्रसारख्यांना इथे राहून काम करता येईल असं ठिकाण देशात नव्हतं. मार्च १९४४ मध्ये भाभांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, त्याचा गाभा हाच होता: भौतिकीच्या मूलभूत प्रश्नांवर, सैद्धांतिक आणि प्रायोगिक दोन्ही अंगांनी, काम करणारी मोठी संशोधनशाळा भारतात हवी. ट्रस्टने होकार दिला. जून १९४५ मध्ये बंगळुरूत ही संस्था, म्हणजेच टीआयएफआर, सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. ट्रस्टच्या जोडीला मुंबई सरकार आणि केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) यांनीही खर्चाचा वाटा उचलला. खासगी दान आणि सरकारी तिजोरी अशी एकाच मूलभूत कामासाठी एकत्र आली. पुढे अणुऊर्जा खात्याचा आधार मिळाल्यावर मुख्य भार सरकारकडे गेला. कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी उभी असलेली आजची इमारत १९६२ सालची.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. दोराबजी टाटा हे भाभांच्या आत्याचे यजमान. भाभांची बुद्धी वादातीत होती, पण ट्रस्टच्या दारापर्यंतची वाट त्यांना घरातूनच ठाऊक होती. सांगली, लातूर किंवा रत्नागिरीच्या मुलाला ती वाट नव्हती. म्हणून मला या इतिहासात संस्था उभी राहण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते परीक्षा देऊन, नाव-गाव न विचारता मिळणारं विद्यावेतन.

ते हळूहळू आलं. १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली. निवडलेल्या विद्यार्थ्याने मूलभूत विज्ञानात शिकत राहायचं आणि सरकारने पीएचडीपर्यंत शिष्यवृत्ती द्यायची, अशी ती रचना होती. पुण्याच्या हुजूरपागेत शिकणाऱ्या रोहिणी गोडबोले यांना ही शिष्यवृत्ती मिळाली. त्यांच्या शाळेतून ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या. एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत स्टोनी ब्रुकहून पीएचडी, परत आल्यावर टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळुरूची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. सैद्धांतिक कणभौतिकीत त्यांचं नाव जगभर होतं. विज्ञानातल्या स्त्रियांसाठीही त्या अखेरपर्यंत बोलत आणि लिहीत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. १९७७ पासून मात्र प्रज्ञाशोध योजनेचं रूप बदललं आणि इंजिनिअरिंग, वैद्यकीय शाखांनाही ती खुली झाली. मूलभूत विज्ञानाकडे शाळेच्या वयातच वळवणारा तो खास रस्ता मग उरला नाही, आणि मला तो तोटा मोठा वाटतो.

पैशाइतकीच गरज असते ती सोबतीची. प्रयोगशाळा नसली तरी सैद्धांतिक काम एकट्याने होत नाही. फळ्यासमोर उभं राहून चूक दाखवणारं कोणी लागतं. १९५२ मध्ये टीआयएफआरमध्ये आलेले ई. सी. जी. सुदर्शन तीनच वर्षांत अमेरिकेत रॉचेस्टरला गेले आणि काही किरणोत्सारी बदल घडवणाऱ्या क्षीण बलाचा व्ही-वजा-ए नावाचा सिद्धांत त्यांनी तिथे मार्शाक यांच्याबरोबर मांडला. १९६१ मध्ये बंगळुरूला उन्हाळी वर्ग भरवून मरे गेल-मान आणि डलिट्झ या परदेशी कणभौतिकीतज्ज्ञांना बोलावलं गेलं. कणांच्या वर्गीकरणाची अगदी ताजी कल्पना इथल्या तरुणांनी थेट गेल-मान यांच्या तोंडून ऐकली. मुंबईत भा. मा. उदगावकर कणभौतिकीच्या सिद्धांतावर काम करत होते. मराठी वाचकांना ते विज्ञान शिक्षणातल्या कार्यासाठी आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून अधिक परिचित आहेत. १९८९ मध्ये टीआयएफआरमध्येच भरलेल्या कणभौतिकीच्या पहिल्या ‘व्हेप’ कार्यशाळेने देशभरचे सिद्धांतकार आणि त्यांचे विद्यार्थी एका जागी आणले. ती मालिका पुढे चालू राहिली.

पदवीचा प्रश्न वेगळा होता. टीआयएफआरचे विद्यार्थी काम कुलाब्याला करत, पण पीएचडीची नोंदणी मुंबई विद्यापीठात असे. २००२ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर ते बदललं.

आणि विद्यावेतन? ज्युनियर रिसर्च फेलोशिपचं, म्हणजे जेआरएफचं, २०१० मध्ये १६,००० रुपये होतं, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ पासून ३७,०००. मधल्या वर्षांत महागाई वाढत राहते आणि आकडा जागचा हलत नाही. २०१९ ची वाढ होण्याआधी देशभरचे संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यांची मागणी रास्त होती. प्रायोगिक विषयात अनुदानाचा मोठा भाग उपकरणांवर जातो. सिद्धांतात उपकरण म्हणजे तो विद्यार्थीच, त्याचं जेवण आणि त्याची खोली हाच संशोधनाचा मुख्य खर्च.

म्हणून अर्ज करताना विद्यावेतन कोणाकडून येणार आहे हे नीट पाहावं. नेटमधून मिळालेली जेआरएफ विद्यार्थ्याच्या नावावर असते. संस्थेची फेलोशिप संस्था देते. प्रकल्पावरची जेआरएफ गाईडच्या प्रकल्पाशी बांधलेली असते, आणि प्रकल्प तिसऱ्या वर्षी संपला तर पैसाही तिथेच थांबू शकतो. क्वांटम क्षेत्रसिद्धांत, म्हणजे कणभौतिकीची गणिती भाषा, अंगवळणी पडायलाच पहिली दीड-दोन वर्षं जातात. स्वतःचं गणित त्यानंतर सुरू होतं.