जड वायू सांडतो

‘गॅसगळती झाली तर जमिनीवर आडवे व्हा, धूर वर जातो,’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. आगीत ठीक आहे, तो धूर गरम असतो. क्लोरिनच्या गळतीत हाच सल्ला जिवावर बेतेल. हवेचा सरासरी रेणुभार 29, क्लोरिनचा 71. असा वायू पाण्यासारखा सांडतो, खड्ड्यांत आणि तळघरांत उतरतो.

नुसत्या रेणुभारावर मात्र जाऊ नका. मिथेन एरवी हवेहून हलका. पण उणे 162 अंशांच्या द्रवातून नुकताच निघालेला मिथेन भोवतालच्या हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. मुद्दा आहे तो अख्ख्या ढगाच्या घनतेचा.

चिमणीच्या धुराचं गणित तसं सोपं. वारा धूर वाहून नेतो, हवेतली खळबळ तो पसरवते आणि आडव्या छेदात धुराच्या प्रमाणाचा घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो, मध्ये जास्त आणि कडांना कमी. तिथे धूर नुसता प्रवासी. जड वायू स्वतःच गाडी हाकतो, थोडाफार वाऱ्याविरुद्धसुद्धा जातो. म्हणून सुरुवातीला हे सूत्र साफ चुकतं.

कोमट पाण्यात कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून बघा (खिडक्या उघड्या ठेवून). पांढरं धुकं भांड्याच्या काठावरून ओघळतं, टेबलावर पसरतं आणि त्याची पुढची कड नाकासारखी किंचित वर उचललेली दिसते. दिसतात ते पाण्याचे थेंब. कार्बन डायऑक्साइड अदृश्यच. त्या नाकाचा वेग ढगाची उंची आणि हवेच्या तुलनेत असलेली जादा घनता, यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

आता माझा लाडका भाग. ढग म्हणजे एक चपटी गोल पेटी समजा. पसरताना ती ताजी हवा आत ओढते, आकारमान वाढतं, जादा घनता घटते. पण ताज्या हवेला जादा वजन नसतंच! म्हणून आकारमान आणि जादा घनता यांचा गुणाकार बदलत नाही. नाकाच्या वेगाच्या सूत्रात हे घातलं की त्रिज्येचा वर्ग वेळेच्या सम प्रमाणात वाढतो. म्हणजे ढग किती पातळ झाला याचा हिशेब न ठेवताही त्याने किती जमीन व्यापली ते सांगता येतं. ब्रिटनमध्ये थॉर्नी आयलंडला 1982 ते 1984 दरम्यान 2000 घनमीटरचे जड ढग मोकळे सोडून चाचण्या झाल्या. तेवढाच, हवेच्या दुप्पट घनतेचा, 7 मीटर त्रिज्येचा ढग घेतला, तर या हिशेबाने 10 सेकंदांत त्रिज्या 40 मीटरपर्यंत जाते.

पातळ होण्याचं गणित मात्र किचकट आहे. जड थर खाली, हलकी हवा वर; ही रचना स्थिर असल्याने खळबळ दबते आणि वरून हवा मिसळायला वेळ लागतो. ही दडपणूक रिचर्डसन अंकाने मोजतात; थराची स्थिरता खळबळीच्या तुलनेत किती, ते हा अंक सांगतो. तो पुरेसा घसरला की पेटी सोडून पुन्हा घंटेचा वक्र धरायचा. एकदा मिसळलेला वायू मग आपोआप वेगळा होऊन तळाशी बसत नाही.

संगणकावरचे रंगीत नकाशे पाहून मात्र हुरळून जाऊ नये. या क्षेत्रात निम्मे अंदाज मोजलेल्या आकड्याच्या निम्मे ते दुप्पट या टप्प्यात आले, तरी मॉडेल चांगलं म्हणतात. शिवाय गोल पेटीला सपाट जमीन लागते. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री कार्बन डायऑक्साइड उसळला, तो दऱ्यांमधून सुमारे 25 किलोमीटरपर्यंत वाहत गेला आणि 1700 हून अधिक माणसं गेली. तिथे वर्तुळ नव्हतंच. ढगाचा आकार दऱ्यांनी ठरवला.