ड्राफ्ट बिअरचा घरगुती टिकाऊपणा

ड्राफ्ट बिअर : पिंपातून, केगमधून (दाब सहन करणाऱ्या धातूच्या बंद पिंपातून) किंवा टाकीतून तोटीवाटे थेट पेल्यात घेतली जाणारी बिअर. ती घरी आणल्यावर, किंवा घरच्या केगला तोटी लावल्यावर, किती काळ पिण्याजोगी राहते याचे एकच उत्तर नाही. काही तास, दोन दिवस, महिना, दोन महिने ही सगळी उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. भांड्यातून बिअर बाहेर येते तेव्हा तिची जागा कोण घेतो, यावर सगळे ठरते. हवा शिरली तर हिशेब तासांचा, फार तर दिवसांचा. कार्बन डाय-ऑक्साइड शिरला तर तो आठवड्यांचा होतो.

‘ड्राफ्ट’ या शब्दाचे मूळ ओढण्यात आहे. पिंपातून ओढून काढलेली ती ड्राफ्ट. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये तळघरातली बिअर वर खेचणाऱ्या पंपाचे पेटंट घेतले आणि हे ओढणे शब्दशः हाताने होऊ लागले. आज मात्र या शब्दाला देशोदेशी वेगळे अर्थ चिकटले आहेत. जपानमध्ये ‘नामा’, म्हणजे कच्ची, बिअर ही १९७९ च्या नियमानुसार उष्णतेची प्रक्रिया न केलेली बिअर. ती बाटलीत असली तरी नामाच. आपल्याकडे बोलताना टॅपची ती ड्राफ्ट, एवढी व्याख्या पुरते. टिकाऊपणाच्या दृष्टीने मात्र पाश्चरीकरण, म्हणजे उष्णता देऊन जंतू मारणे, झाले आहे की नाही, हा प्रश्न टॅपपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

बिघडते म्हणजे काय होते : सर्वांत आधी जातो तो गॅस. चांगल्या लागर, म्हणजे थंडीत आंबवलेल्या, बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असतो. ३ ते ४ अंश सेल्सियसला तो तिथे राहावा यासाठी वरून सुमारे ०.८ बार इतका जादा दाब लागतो. दाब गेला की वायू बाहेर पडतो. गोटी सोड्याची बाटली ज्याने फोडली आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको : आतला दाब गोटीला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो, आणि बोटाने ती गोटी खाली ढकलताच सगळा खेळ उधळतो.

समजा, दोन लिटरच्या काचेच्या बरणीतली अर्धी बिअर संध्याकाळी संपली आणि उरलेली एक लिटर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली. झाकण कितीही घट्ट असो, बिअरमधला वायू वरची एक लिटर रिकामी जागा भरून समतोल साधेपर्यंत बाहेर येतच राहतो. गणित मांडले तर मूळ अडीचपटीतला सुमारे ४० टक्के वायू असा बिअर सोडतो. दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच तो ‘फुस्स’ करून खोलीत जातो. झाकण पुन्हा लावले की तेच चक्र उरलेल्या वायूवर चालते. म्हणून तिसऱ्या दिवशीची बिअर पांचट लागते, आणि त्यात झाकणाचा दोष बहुधा नसतो.

त्याच रिकाम्या जागेत ऑक्सिजनही असतो. एक लिटर हवेत जवळपास ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन येतो. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा : बिअर भरताना लिटरमागे विरघळलेला ऑक्सिजन ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहावा म्हणून चांगल्या ब्रुअरी झटत असतात. म्हणजे कारखान्याने महिनाभर जपलेली गोष्ट आपण एका बैठकीत काही हजार पटींनी उधळतो. हा सगळा ऑक्सिजन लगेच विरघळत नाही हे खरे. थंडीत तर त्याचे काम संथच चालते. पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध, विशेषतः भरपूर हॉप्स घातलेल्या आयपीए जातीच्या बिअरमधला आंबा-संत्र्यासारखा वास, दोनेक दिवसांत मंदावतो आणि गढूळ आयपीए तर रंगानेही काळवंडू लागते. पुढे ट्रान्स-२-नोनेनाल नावाच्या संयुगाचा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हे संयुग लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम असले तरी नाकाला कळते. पावसाळ्यात दारात भिजलेले वर्तमानपत्र ज्याने हुंगले आहे तो हा वास लगेच ओळखेल.

सूक्ष्मजीवांचे काम याहून सावकाश चालते, पण त्यांची चूक सुधारता येत नाही. ॲसिटोबॅक्टर जातीच्या जीवाणूंना हवा मिळाली की ते अल्कोहोलचे व्हिनेगर करू लागतात. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस यांना हवेचीही गरज नसते. ते आंबटपणा आणतात आणि पेडिओकॉकस त्याखेरीज लोण्यासारखा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वासही देतो. लुई पाश्चर याने १८७६ मध्ये बिअरच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो याच मंडळींमुळे. बिअरच्या पाश्चरीकरणाचे एकक आजही ६० अंश सेल्सियसला एक मिनिट असे मोजतात. अपाश्चरित ड्राफ्ट बिअर चवीला जिवंत लागते हे खरे, पण तिच्यातले जिवंतपण सगळेच आपल्या बाजूचे नसते.

प्रकाशाचा धोका घरात विसरला जातो. सूर्यप्रकाशात हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे विघटन होऊन स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी नाते सांगणारे गंधकयुक्त संयुग तयार होते. पारदर्शक काचेत आणि कडक उन्हात याला काही मिनिटेही पुरतात. तपकिरी काच बराच बचाव करते, पोलाद पूर्ण.

भांड्यानुसार मुदत : टॅपरूममधून, म्हणजे ब्रुअरीच्या बिअर देणाऱ्या खोलीतून, भरून आणलेल्या काचेच्या किंवा पोलादी बरणीला ग्राउलर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोक बादलीतून बिअर घरी नेत, तेव्हापासून हा शब्द आहे. झाकणाखालून निसटणाऱ्या वायूच्या गुरगुरण्यावरून तो पडला, असे सांगितले जाते. काचेचा आधुनिक ग्राउलर १९८९ मध्ये वायोमिंगमधल्या विल्सन या गावी ऑटो ब्रदर्स या ब्रुअरीने रूढ केला. त्याचा अमेरिकी आकार १.८९ लिटर. न उघडलेला ग्राउलर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. आधी कार्बन डाय-ऑक्साइडने धुऊन, दाबाखाली भरला असेल तर त्याहून बराच जास्त. उघडल्यावर मात्र त्याच रात्री, फार तर दुसऱ्या रात्री, तो संपवावा. भरणाऱ्याच्या हाताकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. नळी तळापर्यंत सोडून बिअर खालून वर चढवली आणि फेस तोंडातून बाहेर येत असतानाच झाकण लावले, तर फेसाने हवा बाहेर ढकललेली असते. तोटीखाली बाटली धरून नुसती धार सोडणारा घाईत असतो, किंवा त्याला कोणी शिकवलेले नसते.

क्राउलर हा याचा भाऊ. कोलोरॅडोमधल्या ओस्कर ब्लूज या ब्रुअरीने बॉल या डबे बनवणाऱ्या कंपनीबरोबर २०१३ च्या सुमारास तो आणला. ९४६ मिलिलिटरचा डबा काउंटरवरच भरून सीलबंद करून मिळतो. प्रकाश लागत नाही, झिरपणारे झाकण नाही. पण एकदा फोडला की परत बंद होत नाही, त्यामुळे उघडल्यानंतरच्या मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

पाच लिटरच्या मिनी केगमध्ये दोन अगदी भिन्न वस्तू एकाच रूपात विकल्या जातात, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. साध्या केगला खाली प्लॅस्टिकची तोटी आणि वर हवा घेणारे बूच असते. बिअर गुरुत्वाने खाली येते, वरून हवा आत जाते. असा केग एक-दोन दिवसांत रिकामा व्हायला हवा. हायनेकेनने २००५ मध्ये आणलेल्या ड्राफ्टकेगमध्ये मात्र आतच कार्बन डाय-ऑक्साइडचा साठा असतो आणि दाब उतरला की तो आपोआप भरून निघतो. उघडल्यानंतर तीस दिवस, अशी त्याची मुदत सांगतात. पहिल्यांदा उघडण्याआधी किमान दहा तास गार करण्याची अट आहे. सहा लिटरचे केग घेणारे परफेक्टड्राफ्ट यंत्र ३ अंशांवर तीस दिवसांची हमी देते, तर दोन लिटरच्या नळकांड्यांवर चालणारे ‘द सब’ पंधरा दिवसांची. या मुदती कंपन्यांच्या आहेत. शेवटच्या आठवड्यातला पेला पहिल्या दिवसासारखा लागेल, असा त्यांचा अर्थ घेऊ नये.

मोठा केग आणि हातपंप ही जोडी लग्नाच्या किंवा गच्चीवरच्या पार्टीसाठी ठीक. पंपाच्या प्रत्येक दट्ट्यासरशी आपण केगमध्ये खोलीतली हवा, धूळ आणि जीवाणू भरत असतो. बारा ते चोवीस तास ही त्याची मर्यादा. पन्नास लिटरचा केग पंपावर लावून ‘उरलेली उद्या पिऊ’ म्हणणाऱ्याने पाहुण्यांची संख्या आधीच मोजलेली बरी.

तोच केग घरच्या केगफ्रीजमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडच्या सिलिंडरला जोडला तर चित्र पालटते. हवा आत येतच नाही. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचे मार्गदर्शन असे : गार ठेवलेला अपाश्चरित केग ४५ ते ६० दिवस, पाश्चरित ९० ते १२० दिवस. हे दिवस मोजताना केग ब्रुअरीत कधी भरला ते पाहावे. दुकानात महिनाभर पडलेला केग घरी आणून त्याला दोन महिने देणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. नायट्रोजन मिसळलेल्या वायूवर चालणाऱ्या स्टाउट या गडद बिअरसाठी सिलिंडर वेगळा लागतो, कारण नुसत्या कार्बन डाय-ऑक्साइडवर ती फार फसफसते.

घरगुती केगवाले पुष्कळदा बिअरला दोष देतात, पण दोष नळीचा असतो. सुमारे ५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या तीन मीटर नळीत ५० ते ६० मिलिलिटर बिअर रात्रभर अडकून राहते. ती केगइतकी गार नसते आणि नळीच्या भिंतीवरच्या यीस्टला, जीवाणूंना तेवढे पुरते. दर १४ दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने नळ्या धुणे आणि तीन महिन्यांनी आम्लाने कॅल्शियम ऑक्झलेटचा थर काढणे, हा व्यवसायातला नियम घरीही लागू आहे. तोपर्यंत रोजचा पहिला अर्धा पेला मोरीत ओतणे परवडते.

ब्रिटनमधली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, या सगळ्याला अपवाद, आणि तो मुद्दाम जपलेला. पिंपात यीस्ट जिवंत असते, वरून वायू दाबत नाहीत, बिअरच्या जागी हवाच येते. फरकिन म्हणजे ४०.९ लिटरचे पिंप उघडले की साधारण तीन दिवसांत संपवायचे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या ग्राहक चळवळीने या पद्धतीला बळ दिले. घरी नेण्यासाठी तीच बिअर खोक्यातल्या पिशवीत मिळते. बिअर उतरते तशी पिशवी आक्रसते, हवा आत येत नाही. त्यामुळे चव पिंपापेक्षा जास्त दिवस राहते. गॅस मात्र हळूहळू कमी होतो, पण तो या बिअरमध्ये मुळातच बेताचा असतो.

उष्णता : बिअरच्या धंद्यात ‘३–३०–३००’ असा ठोकताळा आहे. बंद भांड्यातली बिअर ३२ अंशांना तीन दिवसांत जितकी शिळी होते, तितकीच २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत. पुण्या-नागपुरातल्या एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत अर्धा दिवस राहिलेला ग्राउलर या हिशेबात कुठे बसतो ते उघड आहे. तिथे धोका नुसता चवीचा नाही. काठोकाठ भरलेला काचेचा ग्राउलर तापला तर आतला दाब वाढून फुटू शकतो. उलट टोकाला फ्रीजरही नको. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते.

महाराष्ट्र : पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली आणि राज्यात अशा ब्रुअरीची बिअर मिळू लागली. ही बिअर बहुधा अपाश्चरित, बरेचदा न गाळलेली, आणि टाकीतून थेट पेल्यात येणारी. २०२० च्या टाळेबंदीत तिची नाजूक बाजू उघडी पडली. गुरुग्रामसह काही ठिकाणी ब्रुअरींना टाक्यांतली बिअर ओतून द्यावी लागली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात ग्राउलरमधून ताजी बिअर घरी नेण्याची मुभा मिळाली. पिणाऱ्याला हा विचार नवा नव्हता. नीरा केंद्रावरची सकाळची नीरा दुपारपर्यंत गोड राहत नाही, हे मराठी माणसाला ठाऊकच आहे. तिथे साखरेची दारू होत असते, इथे झालेल्या दारूतला गॅस आणि वास जात असतो, इतकाच फरक. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ आहे.

इथल्या टॅपवर लोकप्रिय असलेल्या गव्हाच्या बिअरचा केळी-लवंगेचा वास लवकर मरतो, म्हणून ती ग्राउलरमधून आणली तर त्याच रात्रीसाठी आणावी. आयपीएचेही तेच. गडद, जास्त अल्कोहोलच्या बिअरला एखादा दिवस जास्त दिला तरी ती रुसत नाही.

शिळी बिअर सहसा अपायकारक नसते. तिचा सामू (पीएच) ४ ते ४.५, म्हणजे ती आम्लधर्मी, त्यात अल्कोहोल आणि हॉप्स. अशा जागी रोगजंतूंची वाढ होत नाही. नाकाला व्हिनेगर किंवा पुठ्ठा जाणवला तर ती पिण्यात मौज नाही, एवढेच. अपायाचा खरा प्रश्न केगफ्रीजच्या सिलिंडरचा आहे : बंद, लहान खोलीत गळती झाली तर कार्बन डाय-ऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि जीव गुदमरवू शकतो. गॅस गेलेली, पण आंबट न झालेली बिअर माशाच्या किंवा कांद्याच्या भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी चालते. केसांना बिअर लावण्याचा जो सल्ला घरोघरी दिला जातो, त्यासाठीही आधी तिचा गॅस घालवूनच घेतात.