माशाचं तेल घेतलं की झोप लागते?

“रात्री जेवण झालं की माशाच्या तेलाची एक कॅप्सूल घ्या, पडल्या पडल्या झोप लागेल.” हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरून आता इंदूरच्या मराठी घरांतही पोचलाय. ज्यांच्या घरात अंडंही शिजत नाही, तेसुद्धा औषध म्हणून घेतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण माशाचं तेल ही काही झोपेची गोळी नव्हे.

या तेलातला कामाचा घटक म्हणजे डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल. मेंदूच्या पेशींच्या पटलांत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात ते भरपूर असतं. झोपेशी त्याचं नातं जुळतं ते मेलाटोनिनमुळे, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकामुळे, आणि मेलाटोनिन तयार कसं होतं ते बघण्यासारखं आहे.

अंधार पडल्याची खबर मेंदूतल्या पीनियल ग्रंथीला थेट मिळत नाही. दृष्टिपटलातल्या काही पेशी उजेड किती आहे तेवढंच मोजतात. त्यांचा निरोप हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या, शरीराची वेळ सांभाळणाऱ्या घड्याळाकडे जातो, तिथून मज्जारज्जूतून छातीपर्यंत उतरतो, मानेतल्या चेतागुच्छातून पुन्हा वर चढतो आणि मग पीनियलला पोचतो. डोळ्यापासून वीतभरही लांब नसलेल्या ग्रंथीसाठी केवढा हा वळसा! तिथे नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन सुटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि एएएनएटी हे एन्झाइम जोमात येतं. ते सेरोटोनिन या रसायनाला अ‍ॅसिटिल गट जोडतं, दुसरं एन्झाइम मिथिल गट जोडतं, की मेलाटोनिन तयार. उजेड डोळ्यांवर पडला की हे काम थंडावतं. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मध्यरात्री दिव्यांच्या झगझगाटात गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्याचं मेलाटोनिन कॅप्सूल कुठून वाढवणार?

(याच पीनियलला ‘तिसरा डोळा’ म्हणून ती ‘जागृत’ करायची शिबिरं भरतात. काही सरड्यांत पीनियलशी जोडलेला, उजेड ओळखणारा अवयव खरोखर असतो. माणसात नाही. पैसे घालवू नका.)

आता डीएचए. प्रयोगात प्राण्यांच्या आहारातून ओमेगा-३ काढलं, तेव्हा त्यांचं रात्रीचं मेलाटोनिन घटलं. म्हणजे कमतरता असेल तर काम अडतं. पुरेसं असताना वर आणखी घेतलं तर झोप वाढेल, असं यातून निघत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तात डीएचए कमी असलेल्या मुलांची झोप जास्त बिघडलेली आढळली. पुढे १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए दिल्यावर मुलं रात्री सरासरी ५८ मिनिटं जास्त झोपली. मात्र मनगटावर यंत्र बांधून ही मोजणी झाली ती फक्त ४३ मुलांची, त्यामुळे आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. आणि ते डीएचए माशाचं नव्हतंच, शेवाळापासून काढलेलं होतं! मासेही ते मुळात शेवाळातूनच मिळवतात. शाकाहारी घरांनी हे जरूर लक्षात ठेवावं. जवसाची चटणी उत्तमच, पण जवसातल्या ओमेगा-३पासून शरीर डीएचए फारच थोडं बनवतं.

विकत घेताना बाटली उलटी करून बघा. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम असतं, ते सगळ्या तेलाचं वजन. मागच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा ईपीए (दुसरं एक ओमेगा-३ मेदाम्ल) १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम एवढंच निघतं. म्हणजे त्या अभ्यासातल्या मात्रेसाठी रोज पाच कॅप्सूल लागतील. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.