चान्सरी बॅरिस्टर : मृत्युपत्रे व ट्रस्ट यांचे बिनतंट्याचे काम

मृत्युपत्रे, ट्रस्ट आणि मृताची मालमत्ता या विषयांत मुरलेले इंग्लंड-वेल्समधील बॅरिस्टर तंटा उभा राहण्यापूर्वी, किंवा तो उभाच राहू नये म्हणून, जे काम करतात ते या नोंदीत घेतले आहे. मसुदे करणे, लेखी मत देणे आणि लागेल तिथे न्यायालयाची संमती मिळवणे असे त्याचे स्वरूप असते. बॅरिस्टर म्हटले की आपल्याकडे उलटतपासणी आणि गाजलेली भाषणे आठवतात. या शाखेतल्या बॅरिस्टरचा बराचसा वेळ मात्र टेबलाशी, जुने दस्त वाचण्यात जातो.

या कामाचे मूळ इंग्लंडच्या जुन्या चान्सरी न्यायालयात, म्हणजे न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या न्यायालयात आहे. जमीन ज्याच्या नावावर तो मालक, एवढेच कॉमन लॉची, म्हणजे रूढ कायद्याची, न्यायालये पाहत. ती जमीन त्याने दुसऱ्या कोणासाठी सांभाळायला घेतली असेल तर त्याची सदसद्विवेकबुद्धी बांधलेली आहे, असे चान्सरी मानू लागली आणि त्यातून ट्रस्ट घडला. १८७३ व १८७५ च्या कायद्यांनी ही वेगवेगळी न्यायालये एकत्र केली. तरी उच्च न्यायालयाचा चान्सरी विभाग टिकला, आणि त्या विभागात वावरणाऱ्या बॅरिस्टरांची वस्तीही लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेच्या आवारात टिकली. ओल्ड स्क्वेअर, न्यू स्क्वेअर, स्टोन बिल्डिंग्ज हे तिथले पत्ते आजही या विषयातल्या चेंबर्सच्या (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयांच्या) नावांत सापडतात.

काम बहुधा सॉलिसिटरकडून, म्हणजे पक्षकाराशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलाकडून येते. २००४ पासून पक्षकार थेटही जाऊ शकतो. त्यासाठी बॅरिस्टरने वेगळे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. पक्षकाराचा पैसा हाती घ्यायला बॅरिस्टरला मनाई असल्यामुळे बँकखाती बंद करणे, देणी भागवणे, वाटप करणे ही कामे सॉलिसिटरकडेच राहतात. गंमत अशी की पैसे घेऊन दुसऱ्याचे मृत्युपत्र लिहिण्यासाठी इंग्लंडमध्ये वकील असण्याची गरजच नाही. हे काम परवानाधारकांपुरते राखावे ही शिफारस सरकारने २०१३ मध्ये नाकारली. त्यामुळे साधी प्रकरणे बॅरिस्टरपर्यंत पोहोचत नाहीत. दुसरे लग्न आणि पहिल्या लग्नाची मुले, अपंग अपत्य, शेती किंवा घरचा कारखाना, परदेशातली मालमत्ता, असे काही असले की त्याच्याकडे वळतात.

मृत्युपत्राचा १८३७ चा कायदा अजून चालू आहे. दस्त लेखी हवा, सही दोन साक्षीदारांच्या एकत्रित उपस्थितीत हवी. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द ठरते. नियम एवढे सोपे असून चुका होतातच. १९९९ मध्ये एका जोडप्याने एकसारखी मृत्युपत्रे करवून घेतली आणि सॉलिसिटरच्या गफलतीने पतीने पत्नीच्या, पत्नीने पतीच्या कागदावर सही केली. हे लक्षात आले ते दोघेही गेल्यावर. दोन न्यायालयांत हार झाली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ली विरुद्ध रॉलिंग्ज खटल्यात तो दस्त दुरुस्त करून दिला. बिनतंट्याच्या कामाची किंमत अशा तंट्यांवरून कळते; काम चोख झालेले असेल तर त्याचे नाव कुठल्याच निकालपत्रात येत नाही.

या शाखेचे सर्वांत लक्षणीय कलम म्हणजे १९८५ च्या न्यायदान प्रशासन कायद्याचे ४८ वे. मृत्युपत्रातल्या किंवा ट्रस्टच्या दस्तातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ लागत नसेल, तर किमान १० वर्षांची पात्रता असलेल्या वकिलाचे लेखी मत विश्वस्त घेतात आणि त्यानुसार वागण्याची परवानगी उच्च न्यायालयाकडे मागतात. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद न ऐकताच न्यायालय ती देऊ शकते. खरा वाद असून तो ऐकणे भाग आहे असे दिसले, तर देत नाही. म्हणजे एका बॅरिस्टरचे मत सुनावणीची जागा घेते. त्यामुळे ते लिहिताना उलट बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे त्यालाच मांडावे आणि खोडावे लागतात. भाषणापेक्षा ही कसोटी कठीण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

ट्रस्टच्या अटी बदलायच्या असल्या की तोच प्रकार दिसतो. सर्व लाभार्थी सज्ञान असतील तर ते आपसांत ठरवू शकतात. अज्ञान मुले आणि अजून न जन्मलेली नातवंडे यांच्या वतीने संमती देतो तो न्यायाधीश, १९५८ च्या कायद्याखाली. हा बदल मुलांच्या हिताचा का, याचे त्यांच्या बॅरिस्टरने लिहिलेले मत न्यायाधीशापुढे ठेवले जाते.

करविषयक सल्ला हा या कामाचा अटळ भाग. वारसा कराचा दर ४० टक्के आहे. करमुक्त मर्यादा २००९ पासून ३,२५,००० पौंडांवर थांबलेली आहे. मृत्यूनंतर २ वर्षांच्या आत लाभार्थी आपल्या वाट्याची दिशा दस्त करून बदलू शकतात आणि करापुरते ते मृतानेच तसे लिहिल्यासारखे धरले जाते. अपघातात मेंदूला इजा झालेल्या पतीची भरपाई पत्नीने सल्ल्यानुसार ट्रस्टमध्ये ठेवली, पण दस्तात एक तरतूद नसल्याने मोठा कर बसला. पिट विरुद्ध होल्ट खटल्यात २०१३ मध्ये ट्रस्ट करताना चूक झाली या कारणावरून तो रद्द झाला.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना हा विषय दोन ठिकाणी भिडतो. इंग्लिश कायद्यात लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र सहसा रद्द होते. भारतीय वारसा कायद्याखाली हिंदूचे होत नाही. दुसरे म्हणजे मृत्यूनंतरचा कर दोन्ही देशांत बसू नये म्हणून झालेला १९५६ चा भारत-ब्रिटन करार. भारताने मृत्युकर १९८५ मध्ये उठवला, पण करार तसाच राहिला. भारतीय कायद्यानुसार भारतात अधिवास (कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर) असलेल्याच्या ब्रिटनबाहेरील मालमत्तेला त्यामुळे ब्रिटिश वारसा करापासून संरक्षण मिळते. मात्र ती मालमत्ता इंग्लिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने दिली असेल तर ते जाते. म्हणून पुण्यातल्या फ्लॅटसाठी वेगळे भारतीय मृत्युपत्र करायला सांगतात. इंग्लिश मृत्युपत्रात ‘पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य जसेच्या तसे राहिले, तर भारतीय मृत्युपत्रही त्याबरोबर जाण्याचा धोका असतो.

सॉलिसिटर आणि कौन्सेल (न्यायालयात बाजू मांडणारा वकील) अशी दुहेरी पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही, म्हणजे दावे थेट दाखल होतात त्या विभागातही, होती. अ‍ॅडव्होकेट्स कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने ती कायद्यापुरती संपली. सॉलिसिटरची परीक्षा मात्र मुंबईत अजून घेतली जाते.