खुराडं असूनही कोंबडी निंबावर का?

विदर्भातल्या खेड्यांत दिवेलागणीला हमखास दिसणारा प्रकार. अंगणात जाळीचं नवंकोरं खुराडं, दार सताड उघडं, आणि गावरान कोंबड्या निंबाच्या फांदीवर, गोठ्याच्या मयालीवर नाहीतर उभ्या बंडीच्या जुवावर. काठीनं हुसकलं की त्या आणखी वरची फांदी धरतात.

ही सवय माणसाच्या अंगणात येण्याआधीची आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, असं डार्विननं १८६८ मध्ये मांडलं होतं आणि जनुकांच्या तपासणीतून ते पक्कं झालं. पिवळ्या कातडीचं जनुक मात्र राखी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ मध्ये दिसून आलं. हा राखी कोंबडा म्हणजे मेळघाट-ताडोब्यात पहाटे आरवतो तोच. दोघंही दिवसा जमिनीवर चरतात, रात्र झाडावर काढतात. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. खाली बसली तर रानमांजराला आयतीच सापडेल. खात्रीनं पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं २०२२ च्या एका अभ्यासानुसार थायलंडातल्या बान नॉन वाट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली. भात आणि भरड धान्याच्या शेतीनं रानपाखरं माणसाजवळ ओढली, असा त्या अभ्यासकांचा कयास. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या खळ्यावर कोंबड्या हाकलणाऱ्याला तो सहज पटावा. दाण्यासाठी पाखरू खाली आलं, झोपायला मात्र वरच जात राहिलं.

पिल्लांचं गणित वेगळं. एकविसाव्या दिवशी अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे अंगची ऊब टिकवता येत नाही, म्हणून आई फांदी सोडून जमिनीवर बसते. पंख सैल सोडते, पिल्लं पोटाखाली शिरतात. एखादं उशिरा आलेलं पाठीवर चढतं, घसरतं आणि छातीकडच्या पिसांतून डोकं बाहेर काढून चिवचिवतं. बुरडाचं डालगं, म्हणजे पालथी घालायची बांबूची टोपली, खरं तर या दिवसांसाठी. त्यावर दगड ठेवला की मायलेकरं सकाळपर्यंत निर्धास्त. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण या रोजच्या कामातूनच आली असावी.

पिल्लांच्या पंखांची पिसं अंगावरच्या पिसांआधी येतात. त्यामुळे महिन्याच्या आतबाहेर एका संध्याकाळी आई एखाद्या बुटक्या फांदीवर जाऊन बोलावू लागते. खाली एकच कालवा होतो. दोन-तीन पिल्लं धडपडत वर पोचतात, बाकीची बुंध्याशी रडतात, आणि बहुतेकदा आई पुन्हा खाली उतरते. चार-सहा दिवस हेच चालतं. मोठ्यांतही वरच्या जागेसाठी टोचाटोची होतेच. कुणी कुणाला टोचायचं ही कळपातली उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास लिहून ठेवली. आपल्याकडच्या आज्यांना ती आधीपासून ठाऊक असणार.

खरा बदल झाला तो सरकारी योजनांतून गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जाती आल्यावर. ही पिल्लं यंत्रात उबलेली, बल्बखाली वाढलेली. वर बोलावणारी आई नाही, आणि अंगही जड. लहानपणी बसायला आडवी दांडी न मिळालेल्या कोंबड्या मोठेपणी दांडीवर नीट चढत नाहीत, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. म्हणून एकाच अंगणात गावरान कोंबडी निंबावर आणि योजनेतली कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात, विष्ठेत, एकमेकींवर रेटून बसलेली.

खुराडी वाटताना जाळी मोजली जाते, आतली आडवी दांडी कुणाच्या लक्षातच येत नाही. युरोपात १९९९ च्या नियमानं दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडी लागते. इथं तेवढ्यासाठी एक बांबू पुरतो, आणि पिल्लं बल्बखाली असतानाच विटेवर ठेवलेली एखादी काडी. जड जातींसाठी बांबू बुटकाच बांधावा, कारण उंचावरून उडी घेताना त्यांचे पाय दुखावतात.