अंतराळयान आधी तोफेत का शिरले?

चंद्रावर जाण्याच्या कथा जुन्याच. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात ल्युशियन या ग्रीक लेखकाने वावटळीत सापडलेले गलबत चंद्रावर पोचवले, तर 1638 मध्ये गॉडविन या इंग्रज लेखकाने रानहंस जुंपले. यांना अंतराळयाने म्हणवत नाही, कारण प्रवासी श्वास कशावर घेणार, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेलाच नाही. 1657 मध्ये छापलेला फ्रेंच लेखक सिरानो द बर्जराक मात्र वेगळा. त्याच्या कथेतल्या यंत्राला दारूचे बाण सहा-सहाच्या ओळींत बांधलेले आहेत. एक ओळ जळून संपली की पुढची पेट घेते. आज ज्याला आपण बहुटप्पी अग्निबाण म्हणतो, त्याचीच ही कल्पना, पण तिथे ती निव्वळ गंमत म्हणून आली.

हिशेब मांडला तो फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने, 1865 च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत. त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले होते. कथेतले बाल्टिमोरचे तोफबहाद्दर हाताला काम नसल्याने चंद्रावर गोळा डागायला निघतात. तोफ 900 फूट लांब, फ्लोरिडात जमिनीत उभी ओतलेली, नळीचा व्यास 9 फूट. बार 4 लाख पौंड गनकॉटनचा, म्हणजे कापसापासून केलेल्या स्फोटकाचा. गोळा अॅल्युमिनियमचा, पोकळ, वजन सुमारे 19,250 पौंड, आत तीन माणसे. वेग सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे जवळजवळ 11 किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला 11.2 लागतात, आकडा वाऱ्यावरचा नव्हता.

हवेची सोयही पक्की. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन काढायचा (18 पौंडांतून 7 पौंड, तिघांना दिवसभर पुरेल इतका) आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅश या क्षाराने शोषून घ्यायचा. हवाबंद खोलीत माणूस जिवंत ठेवायचा तर एवढे करावेच लागते.

गाडी अडते ती सुटतानाच. 900 फुटांत, म्हणजे 274 मीटरमध्ये, शून्यावरून 11 किलोमीटरचा वेग घ्यायचा तर नळीत जेमतेम सेकंदाचा विसावा भाग मिळतो. त्वरण येते गुरुत्वाच्या 22,000 पटींहून जास्त. 60 किलोच्या माणसाचा भार तेराशे टनांवर जातो. व्हर्नने तळाशी तीन फूट पाणी, वर लाकडी तबकडी आणि फुटणारे पडदे ठेवले. पण धक्का सौम्य करायचा तर थांबायला किंवा सुटायला अंतर लागते. 900 फुटांत आणखी तीन फुटांनी काय फरक पडणार? गुरुत्वाच्या चौपट त्वरण धरले तर हीच तोफ दीड हजार किलोमीटर लांब हवी. शिवाय नळीत आधीच हवा भरलेली. ती गोळ्यापुढे दबून भिंतीसारखी उभी राहणार, हे वेगळेच.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. गोळ्यातला कुत्रा मरतो, त्याला बाहेर टाकतात, आणि तो मागे न पडता गोळ्याच्या बरोबरीनेच जात राहतो. हे अगदी बरोबर! मग त्याच न्यायाने आतली माणसेही सगळा वेळ तरंगायला हवीत. व्हर्न मात्र त्यांना पृथ्वी आणि चंद्राची ओढ समसमान होते तेवढ्या एकाच ठिकाणी तरंगवतो.

आणि अग्निबाण? तो त्या गोळ्यावर होताच. चंद्रावर उतरताना वेग कमी करायला तळाशी लहान बाण बसवले होते. निर्वात पोकळीतही बाण ढकलतो, हे लेखकाला ठाऊक होते. तरी त्याने तो फक्त ब्रेक म्हणून वापरला, इंजिन म्हणून नाही. त्या काळी तोफेचा दरारा मोठा होता, दुसरे काय.

1900 च्या सुमारास हाच प्रवास 'चंद्रलोकची सफर' या नावाने 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत आला. 1901 मध्ये इंग्रज कादंबरीकार वेल्सने गुरुत्व अडवणारा 'कॅव्होराइट' नावाचा पदार्थ काढला. पोलादी गोल, त्यावर झडपा. ज्या बाजूची झडप उघडाल तिकडची ओढ लागू होते. सुकाणूची युक्ती छान, पण पदार्थच काल्पनिक. व्हर्नने त्यावर नाक मुरडले होते, आणि ते रास्तही होते.

उत्तर आले ते व्हर्नच्या वाचकांकडून. रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीने 1903 मध्ये अग्निबाणाचे गणित मांडले आणि द्रव हायड्रोजन-ऑक्सिजन सुचवला. इंधन बरोबर न्यायचे आणि सावकाश जाळायचे, म्हणजे तोच वेग काही मिनिटांत, सोसवेल अशा धक्क्याने मिळतो. लहानपणी व्हर्न वाचलेल्या ओबेर्थ या अग्निबाणतज्ज्ञाचे पुस्तक 1923 चे. 1929 मध्ये तोच दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या चंद्रप्रवासावरील चित्रपटाचा सल्लागार झाला. त्या पडद्यावर टप्प्याटप्प्याने सुटणारे यान आहे, त्वरण सोसायला आडवे पडायचे बिछाने आहेत, आणि उड्डाणाआधी आकडे उलटे मोजले जातात.