बदललेली किंमत गेली कुठे?

रत्नागिरीत संगणकाच्या प्रात्यक्षिकाला एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो मिरकरवाड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारला. "सर, स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलीत) मी 'बंदर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत मालवणची विजयदुर्ग केली, पुढच्या प्रोग्रामना मिळावी म्हणून एक्स्पोर्टही केली. स्क्रिप्ट संपल्यावर बघते तर टर्मिनलमध्ये मालवणच!"

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही प्रोग्रामना मिळणारी नाव आणि किंमत यांची जोडी. ती म्हणजे सगळ्यांना दिसणारा चावडीवरचा फळा, असं आपण धरून चालतो. लिनक्समध्ये असा सामाईक फळा कुठेच नाही. प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) स्वतःची प्रत असते, स्वतःच्याच मेमरीत.

ही सोय 1979 च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची. प्रोग्राम सुरू करताना शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आधी 'फोर्क' करून स्वतःची नक्कल उभी करतो. ती नक्कल मग 'एक्झेकव्हीई' हा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) मागणी, करते आणि सोबत व्हेरिएबल्सची यादी देते. कर्नल जुनी मेमरी सोडून देतो, पण यादीतल्या स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) नव्या स्टॅक या मेमरीच्या भागाच्या वरच्या टोकाला उतरवून ठेवतो: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, शेवटी शून्य बाइट. एकीला चिकटून दुसरी. त्यांच्या खाली प्रत्येकीचा पत्ता सांगणारे पॉइंटर ओळीने असतात. किंमत हवी असली की सी लायब्ररी ही ओळ पहिल्यापासून चाळत जाते, इतकी साधी रचना.

"म्हणजे होडी सुटताना जेवढा बर्फ भरला तेवढाच," ती म्हणाली. "मागाहून धक्क्यावर बर्फ आला, तरी होडीतला वाढत नाही."

अगदी तसंच, आणि उलटही. स्क्रिप्ट ही शेलची मुलगी. तिने तिच्या प्रतीत केलेला बदल तिच्याबरोबरच संपतो. बदल शेलमध्येच हवा असेल, तर 'सोर्स' या आज्ञेने स्क्रिप्ट त्याच शेलकडून वाचून घ्यावी लागते.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती बाइटांची अडचण. रोमन लिपीतलं 'बंदर' 6 बाइट, चिन्हाचा 1, यूटीएफ-8 मधलं 'मालवण' 15, शून्याचा 1: एकूण 23. 'विजयदुर्ग' लिहिलं की 35 लागतात, आणि शेजारी जागा नाही! म्हणून 'सेटएन्व्ह' (किंमत बदलणारं सी लायब्ररीतलं फंक्शन) हीपवर, म्हणजे मेमरीच्या दुसऱ्या भागात, नवी स्ट्रिंग लिहितो आणि पॉइंटर तिकडे वळवतो. जुनी स्टॅकवर तशीच पडून राहते.

ती बघताही येते. लिनक्समध्ये 'प्रॉक' या फोल्डरखाली प्रत्येक प्रोसेसची 'एन्व्हायरन' नावाची फाइल असते, ती स्टॅकवरचा हाच मूळ तुकडा दाखवते. (पासवर्ड व्हेरिएबलमध्ये ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, तो किमान त्याच वापरकर्त्याच्या इतर प्रोग्राम्सना आणि रूटला (मुख्य प्रशासकाला) वाचता येतो.)

आम्ही थेट शेलमध्येच किंमत बदलली, एक प्रोग्राम सुरू केला आणि दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. प्रोग्रामच्या फाइलीत विजयदुर्ग होतं. शेलच्या फाइलीत, बदल होऊनही, मालवण.